माथेरानची गाडी आणि सर आदमजी पीरभाई

काही वर्षांपूर्वी आम्ही देवळ्याहून मुलांची सहल माथेरानला नेली होती. नेरळला छोट्या गाडीत बसल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारलं, सर, ही गाडी कोणी बनवली? मी सरळ सांगून टाकलं, इंग्रजांनी. उत्तर चुकीचं होतं. घरी आल्यावर शोधलं तेव्हा ते कळलं आणि मनात फार ओशाळलो. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

ही रेल्वे पीरभाई घराण्याच्या पैशातून उभी राहिली. मरहूम सर आदमजी पीरभाई दाऊदी बोहरा समाजातले. जन्म 1840 च्या दशकात, गुजरातेत, अगदी गरीब घरी. लहानपणी ते मुंबईत आले आणि रस्त्यावर काडेपेट्या विकायचे, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. पुढे लष्कराला तंबू पुरवण्याचं काम मिळालं आणि दिवस पालटले. तंबूंच्या मागोमाग खाकी कापड आलं, बूट आले. कापडगिरणी झाली. धारावीत कातडी कमावण्याचा मोठा कारखाना निघाला. हजारो माणसं त्यांच्याकडे कामाला होती. काडेपेट्या विकणारा हा मुलगा 1897 साली मुंबईचा शेरीफ झाला.

पैसा आला की माणूस जागा घेतो, इमारती बांधतो. आदमजींनीही बांधल्या, पण सगळ्याच भाड्यासाठी नाही. मुंबईत चर्नी रोडला त्यांच्या नावाचं आरोग्यधाम आहे. आजारातून उठलेल्या माणसाला मोकळ्या हवेत चार दिवस काढता यावेत, यासाठी ते बांधलं. त्या काळात मुंबईत चाळीत एकेका खोलीत दहा-दहा माणसं राहायची. अशा शहरात समुद्राजवळची मोक्याची जागा आजाऱ्यांसाठी द्यायची, हे काही सोपं नव्हतं.

आता माथेरान. त्यावेळी नेरळहून वर जायचं तर पायी, घोड्यावर नाहीतर पालखीत. आदमजी तिथे नेहमी जायचे. वर जाताना होणारे हाल बघून गाडीची कल्पना पुढे आली. कल्पना बापाची, पैसाही बापाचा, पण डोंगरात उभं राहून काम करून घेतलं ते मुलाने, अब्दुल हुसेन यांनी. 1904 ला काम सुरू झालं आणि 1907 ला गाडी धावली. खर्च आला सुमारे 16 लाख रुपये. रूळ अवघे दोन फूट रुंद, मार्ग साधारण 21 किलोमीटरचा, आणि वळणं इतकी की खिडकीतून आपलीच गाडी पुढे वळताना दिसते. 2005 च्या महापुरात हा मार्ग उखडला होता. दुरुस्ती होऊन 2007 मध्ये, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी, गाडी पुन्हा सुरू झाली.

1907 हे वर्ष त्यांच्यासाठी मोठं ठरलं. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. त्यावेळी लीग एक वर्षाची होती आणि फाळणीचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. म्हणून ही गोष्ट लपवायचं कारण नाही आणि तिच्यावरून त्यांचं सगळं आयुष्य मोजायचंही कारण नाही. 1913 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज त्यांची गिरणी नाही, तंबूंचा कारखाना नाही. जो पैसा धंद्यात राहिला तो धंद्याबरोबर गेला. लोकांसाठी जे बांधलं ते मात्र उभं आहे. मला यातून हेच घ्यावंसं वाटतं.

आपल्याकडे बघा. देवळा, सटाणा, मालेगाव, जिकडे जावं तिकडे शेतात प्लॉट पडताहेत. आपल्या समाजातल्याही काही लोकांनी जमिनीच्या व्यवहारात चांगलं कमावलंय. हलालची कमाई आहे, अल्लाह त्यात बरकत देवो. पण माझ्या वर्गातली हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसते. कारण फी नसतं. नाशिकला तिने राहायचं कुठे, एवढाच प्रश्न असतो. बाप म्हणतो, सर, खोली करून एकटीला कसं ठेवू? आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नसतं.

नाशकात दहा खोल्यांचं एक साधं वसतिगृह. 16 लाखांची रेल्वे बांधायला कोणी सांगत नाही. एखादा प्लॉट, थोड्या विटा आणि चार माणसांची नियत एवढं पुरेल. त्या मुलाला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. या मुलींच्या बापांना तरी बरोबर उत्तर देता यावं.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. आमीन.