भाजलेल्या जखमेत जंतू येतात कुठून? हे शोधणारा डॉक्टर शेवटी हिटरच्या जाळीसाठी भांडला

आगीतून सुखरूप बाहेर काढलेला माणूस आठ-दहा दिवसांनी दवाखान्यात दगावतो. असं का होतं? याचं उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्याची काही वर्षं घालवली, त्यांचं नाव डॉ. लिओनार्ड कोलब्रुक.

जन्म १८८३ चा, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचा. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा जवळून पाहिल्या. पुढे लंडनच्या क्वीन शार्लट हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचा जीव घेणाऱ्या तापावर काम केलं. त्यामागचा जंतू होता स्ट्रेप्टोकोकस. आपल्या घरात असतं ते डेटॉल हातावरचे हे जंतू मारतं का, हे १९३३ मध्ये तपासणारे कोलब्रुकच. १९३६ मध्ये प्रॉन्टोसिल हे सल्फा औषध बाळंतिणींना वाचवतं, हेही त्यांनी दाखवलं.

मग आलं दुसरं महायुद्ध आणि भाजलेल्या रुग्णांची रांग. १९४२ मध्ये ते ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत गेले. तिथे पुन्हा तोच शत्रू भेटला.

आता थोडं विज्ञान. त्वचा म्हणजे शरीराची भिंत. ती जळाली की जंतूंना रान मोकळं. खोल जखमेवर शरीराच्या दुसऱ्या भागाची पातळ त्वचा लावतात, त्याला म्हणतात स्किन ग्राफ्ट. सुरुवातीला ही त्वचा जखमेतल्या फायब्रिन नावाच्या चिकट पदार्थाने धरून राहते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. पण स्ट्रेप्टोकोकस हा डिंकच विरघळवतो. ग्राफ्ट सुटून येतं, रुग्ण पुन्हा उघडा पडतो.

कोलब्रुक आणि सहकाऱ्यांनी पेनिसिलिनचं मलम लावून पाहिलं. बऱ्याच जखमांतून स्ट्रेप्टोकोकस गेला. पण फक्त औषधावर भागणार नव्हतं, कारण जंतू वॉर्डातूनच येत होते. ड्रेसिंग सोडलं की ते हवेत उडायचे आणि शेजारच्या खाटेवरच्या जखमेत बसायचे. हात आणि नाक-घसा हे आणखी दोन रस्ते.

१९४३ पासून बर्मिंगहॅमच्या अॅक्सिडेंट हॉस्पिटलमध्ये त्यांनी हे रस्ते बंद करायला घेतले. ड्रेसिंगसाठी वेगळी खोली, तिच्यात गाळलेली हवा, तोंडाला मास्क, आणि जखमेला हात न लावता चिमट्याने काम. आज बर्न वॉर्डात नातेवाइकांना सहसा आत सोडत नाहीत, त्यामागे हाच विचार आहे.

पण एक गोष्ट त्यांना टोचत राहिली. वॉर्डात येणाऱ्यांमध्ये लहान मुलं खूप होती. उघड्या हिटरजवळ गेल्यावर फ्रॉक पेटायचा, एवढंच कारण. ज्या जखमा व्हायलाच नको होत्या, त्या किती दिवस शिवत बसायचं? त्यांनी हिटरला जाळी सक्तीची करा म्हणून मोहीम उघडली आणि १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला.

१९६७ मध्ये कोलब्रुक गेले. जंतूंशी आयुष्यभर लढलेल्या या माणसाच्या लेखी भाजण्यावरचा सगळ्यात चांगला उपाय एकच होता, भाजूच न देणं.