मिठात वनस्पती शोधणारे बिरबल साहनी

धारवाडच्या सप्तापूर भागात पायाखाली असलेला खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे. या कुळाला भूशास्त्राने धारवाडचेच नाव दिले असून गोव्याचे लोहखनिजही त्याच कुळातले. त्या काळी वृक्ष नव्हते. त्यामुळे या खडकात परागकण शोधणे व्यर्थ. मात्र पुढच्या काळातील खडकांमधून वनस्पतींचा इतिहास वाचण्याची परंपरा भारतात ज्यांनी रुजवली, ते बिरबल साहनी होत.

१४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा येथे त्यांचा जन्म झाला. लाहोर व केंब्रिज येथील शिक्षणानंतर १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य. राजमहल टेकड्यांतील ज्या जीवाश्मांवर त्यांची कीर्ती उभी आहे, ते तेव्हा ज्युरासिक मानले जात. आता त्या थरांचे वय क्रिटेशियसच्या आरंभीचे ठरले आहे.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी मात्र मिठाने पाहिली. भेऱ्यापासून जवळच असलेल्या मिठाच्या डोंगररांगेतील क्षार विरघळवून १९४० च्या दशकात त्यांनी त्यातून लाकडाचे व इतर वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष काढले. त्यावरून हे मीठ इओसीनचे, म्हणजे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. हे अवशेष पाण्याबरोबर मागाहून आत शिरले असतील, हा प्रतिपक्षाचा आक्षेप त्यांना ठाऊक होता आणि नमुने घेताना त्यांनी काळजीही घेतली होती. तरीही ते मीठ ५० कोटी वर्षांहून जुने असल्याचे आज सर्वमान्य आहे. साहनींच्या गौरवलेखांतून हा भाग बहुधा गाळला जातो, आणि तो गाळू नये असे वाटते. सूक्ष्म पुराव्याची शक्ती आणि त्याचा धोका, दोन्ही त्यातच दिसतात.

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौत त्यांच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनी बसवली. त्या शिळेत जीवाश्म जडवलेले होते. जेमतेम आठवड्याने, १० एप्रिलला, साहनी हृदयविकाराने गेले. संस्थेची धुरा पत्नी सावित्री यांनी खांद्यावर घेतली.

आम्लातही न विरघळणाऱ्या कवचामुळे परागकण कोट्यवधी वर्षे टिकतात. कच्छच्या ज्युरासिक थरांत जमिनीवरील वनस्पतींचे पराग आणि समुद्री प्लवकांची कवचे शेजारी शेजारी आढळतात. प्लवक अधिक असतील तर समुद्राचा प्रभाव मोठा, पराग व बीजाणू अधिक असतील तर किनारा जवळ, असा अंदाज त्यांवरून बांधला जातो. हे वाचन त्या संस्थेत आजही चालू आहे.