श्रीपुरंदरदास आणि स्वरांचा ओनामा

ज्ञातीच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा श्रीपुरंदरदासांचे चरित्र वाचकांपुढे ठेवताना आम्हांस आनंद होतो आणि थोडा संकोचही वाटतो. आनंद अशासाठी की, परंपरेने दासरायांस देशस्थ माध्व कुळातील मानले आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या बाजूच्या आमच्या कित्येक घरांतून बोलण्याची भाषा मराठी झाली, तरी देवापुढील दासांची पदे कानडीच राहिली आहेत. संकोच अशासाठी की, दासरायांचा जन्म पुणे जिल्ह्यातील पुरंदर गडाच्या परिसरात झाला, असे आम्ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत आलो आणि हा अभिमान आता आवरता घ्यावा लागत आहे.

कर्नाटक शासनाच्या पुढाकाराने हंपीच्या कन्नड विद्यापीठाने एक तज्ज्ञ-समिती नेमली होती. शिवमोग्गा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यातील क्षेमपुर हे दासरायांचे जन्मस्थान होय, असा अभिप्राय तिने २०१८ साली दिला. वाद सर्वस्वी मिटला असे नव्हे. तथापि केवळ नामसादृश्यावर आमचा दावा फार काळ उभा राहील, असे आम्हांस वाटत नाही. पुरंदर हे इंद्राचे नाव आहे, आणि पुरंदरविठ्ठल ही दासांच्या पदांतील मुद्रिका आहे. तेवढ्यावरून गाव ठरविता येत नाही. तेव्हा जन्मग्रामाचा प्रश्न बाजूस ठेवून, ज्या कार्यामुळे दक्षिणेतील गायक त्यांना कर्नाटक संगीताचे पितामह म्हणतात, त्याकडेच वळणे इष्ट.

रूढ मतानुसार त्यांचा जन्म १४८४ सालचा. पूर्वाश्रमीचे नाव श्रीनिवास नायक. व्यवसाय जडजवाहिराचा व सावकारीचा, आणि संपत्ती एवढी की लोक त्यांना नवकोट नारायण म्हणत. हात मात्र आखडता. त्यांच्या वैराग्याची कथा आमच्या घरोघरी ठाऊक आहे. एक दरिद्री ब्राह्मण मुलाच्या मुंजीसाठी साहाय्य मागत दुकानी खेटे घालू लागला. त्याला शेवटी झिजलेले नाणे मिळाले. तो नायकांच्या घरी गेला, तेव्हा पत्नी सरस्वतीबाई यांनी आपली नथ काढून दिली. ब्राह्मणाने ती नायकांच्याच दुकानी विकावयास आणली. नायकांनी दागिना ओळखला, पेटीत घालून कुलूप लावले आणि घरी येऊन पत्नीकडे नथ मागितली. भयाने तिने विषाचा पेला ओठी लावला, तोच नथ पेल्यात पडली; इकडे दुकानातील पेटी रिकामी निघाली. कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आमच्या मते तिचे मर्म सरस्वतीबाईंच्या दातृत्वात आहे, आणि चरित्रकारांनी या साध्वीस दिलेले स्थान फारच तोकडे आहे.

सर्वस्वाचा त्याग करून हे कुटुंब विजयनगरास आले. तेथे श्रीव्यासरायस्वामींनी १५२५ च्या सुमारास नायकांस दासदीक्षा दिली, असे मानतात. वय चाळिशीच्या घरात. काल रत्ने पारखणारा सावकार आज हाती तंबोरी व पायी घुंगरू घेऊन हंपीच्या रस्त्यांतून माधुकरी मागू लागला. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य कनकदास हे जन्माने कुरुब, म्हणजे धनगर. मठातील काही मंडळींना ते रुचत नव्हते, अशी आख्यायिका आहे. व्यासरायांनी मात्र या शिष्यास अंतर दिले नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट गाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

दासांनी पावणेपाच लक्ष पदे रचली, असे परंपरा सांगते. आज हाती असलेली हजाराच्या आसपास आहेत. पदांची थोरवी आम्ही निराळी काय वर्णावी? गदगच्या भूमीतून आलेल्या पंडित भीमसेन जोशी यांनी ती महाराष्ट्राच्या कानी घातलीच आहेत. कमी परिचित आहे तो दासांनी घालून दिलेला शिक्षणक्रम. दक्षिणेत संगीत शिकू लागलेले मूल पहिल्या दिवशी जे गाते, त्याची घडण परंपरेने दासरायांकडे दिली जाते.

आपल्याकडे विद्यार्थी प्रायः बिलावलाच्या शुद्ध स्वरांनी आरंभ करतो. दक्षिणेत आरंभ होतो तो मायामाळवगौळ रागाने. आपल्या भैरव थाटाचेच हे स्वर : ऋषभ व धैवत कोमल, बाकीचे शुद्ध. कोवळ्या गळ्याला हा अवघड राग का द्यावा, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. आम्हांसही वाटले होते. परंतु षड्‌जापासून मध्यमापर्यंतची स्वरांची अंतरे पाहावीत आणि मग पंचमापासून तारषड्‌जापर्यंतची पाहावीत. दोन्हीकडे अगदी एकच मांडणी आढळते. खालचे अर्धे सप्तक गळ्यात बसले की वरच्या अर्ध्याचा नमुना हाती आलाच. शिवाय षड्‌जाला अगदी लागून असलेला ऋषभ आणि त्यापासून दूर राहिलेला गांधार, अशी लहान-मोठी अंतरे जवळजवळ आल्याने कान पहिल्यापासूनच जागा राहतो.

पहिल्या पाठांना कानडीत सरळे वरसे म्हणतात. आठ स्वर चढावयाचे, आठ उतरावयाचे, आणि हाताने आदितालाची क्रिया चालू ठेवावयाची : एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटांची मोजणी, मग टाळी व हात उलटा टाकणे, आणि पुन्हा तेच. चार, दोन आणि दोन मिळून आठ मात्रा. हाच पाठ पुढे दुप्पट आणि मग चौपट गतीने गावयाचा; गळा धावला तरी हाताने धावावयाचे नाही. यातच निम्मे शिक्षण झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. नंतर जंटी वरसे येतात, त्यांत प्रत्येक स्वर जोडीने येतो व दुसऱ्यावर आघात द्यावा लागतो. दाटु वरसे येतात, त्यांत स्वर ओलांडून उड्या घ्यावयाच्या असतात. मग सात अलंकार. ध्रुव, मठ्य, रूपक, झंप, त्रिपुट, अट आणि एक अशा सात तालांत ते बांधलेले आहेत.

इतके झाल्यावर मुलाच्या ओठी प्रथमच शब्द येतात. ही गीते मलहरी रागात आहेत. मलहरी हा मायामाळवगौळातूनच निघालेला राग. त्याच्या आरोहात गांधार व निषाद नाहीत, अवरोहात निषाद नाही. म्हणजे विद्यार्थ्याला नवा स्वर एकही शिकावा लागत नाही, फक्त काही स्वर टाळण्यास शिकावे लागते. पहिले गीत गणपतीचे. शिकविणाऱ्याने आयुष्यभर मुले हाताळली असावीत, असे ही पायरी पाहून वाटते. सावकारीच्या चोपडीत एकही रक्कम जागा सोडून न लिहिणारा हा पुरुष येथेही एकही पायरी सुटू देत नाही.

दासराय १५६४ साली पौष अमावास्येस निवर्तले, असे मानले जाते. हंपीस विठ्ठलमंदिराजवळ तुंगभद्रेच्या काठी त्यांच्या नावाचा मंडप आजही दाखवितात. १५६५ च्या जानेवारीत राक्षसतंगडीच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला, राजधानी उद्‌ध्वस्त झाली, आणि विद्येचा व कलेचा आश्रय दक्षिणेकडे तंजावरास सरकला. तंजावरात आधी नायक राजे होते, पुढे व्यंकोजी भोसल्यांचे मराठी राज्य आले. त्याच राज्यात, कावेरीकाठी तिरुवैयारू येथे, सरफोजी महाराजांच्या काळात श्रीत्यागराज गात होते. त्यांनी आपल्या प्रह्लादभक्तिविजयम् या गेय नाटकात पुरंदरदासांस वंदन केले आहे. दासांची भाषा कानडी, त्यागराजांची तेलुगू, भोवतालची प्रजा तमिळ आणि राजा मराठी. मुले मात्र तोच मायामाळवगौळ घोकीत होती.