लुई पाश्चर यांचे कार्य : पिल्लांना औषधी खाद्य द्यावे की लस?

एक दिवसाची पिल्ले आणताना औषध मिसळलेले स्टार्टर खाद्य घ्यावे की साधे, असा प्रश्न अनेक कुक्कुटपालकांना पडतो. याचे उत्तर पिल्लांना कोणती लस दिली आहे यावर अवलंबून असते. असे का, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या कामातून नीट समजते.

चर्मकाराचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पाश्चर डॉक्टर नव्हते, पशुवैद्यकही नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. लील शहरात प्राध्यापक असताना बीटपासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखानदाराची अडचण त्यांच्याकडे आली. तेथून आंबवण्याची क्रिया आणि सूक्ष्मजीव यांचा त्यांचा अभ्यास वाढला.

१८६५ मध्ये रेशीम कीटकांच्या रोगामुळे दक्षिण फ्रान्समधील शेतकरी हवालदिल झाले होते. पाश्चर यांनी अंडी घातलेली मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत रुजवली. मादी रोगट निघाली, तर तिची अंडी नष्ट केली जात. याच काळात त्यांचे वडील आणि दोन मुली वारल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. तरीही काम सुरू राहिले.

कोंबड्यांचा कॉलरा

१८७९ मध्ये त्यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास हाती घेतला. कोंबडीच्या मांसाच्या रश्श्यात हे जंतू चांगले वाढत. ताजे जंतू टोचले की कोंबड्या मरत. मात्र बरेच दिवस ठेवलेले जंतू टोचलेल्या कोंबड्या थोड्या आजारी पडून सावरल्या आणि नंतर ताजे जंतू टोचूनही वाचल्या. सुट्टीत विसरलेल्या बाटलीमुळे हा शोध लागला, अशी गोष्ट सांगितली जाते. मात्र त्यामागे पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांचे अनेक महिन्यांचे प्रयोग होते. १८८० मध्ये पाश्चर यांनी हे निष्कर्ष मांडले. पुढे या जंतूच्या कुळाला त्यांच्याच नावावरून पाश्चुरेला म्हटले गेले.

१८८१ मध्ये मेंढ्यांवरील काळपुळी रोगाच्या लसीची जाहीर चाचणी यशस्वी झाली. १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला त्यांनी लस दिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पॅरिस येथील संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली.

औषधी खाद्याशी संबंध

लहान पिल्लांच्या औषधी खाद्यात बहुधा रक्ती हगवणीवरील, म्हणजेच कॉक्सिडिओसिसवरील, औषध असते. हा रोग आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होतो. अ‍ॅम्प्रोलियम हे औषध रचनेने जीवनसत्त्व बी-१ सारखे असते. त्यामुळे परजीवीला खरे बी-१ मिळत नाही आणि त्याची वाढ खुंटते.

या रोगाची लस जिवंत असते. तिच्यात परजीवी सौम्य केलेले किंवा मोजक्या संख्येत असतात. ते पिल्लाच्या आतड्यात वाढतात, विष्ठेतून तुसात येतात आणि पुन्हा पोटात जातात. अशा फेऱ्यांतून प्रतिकारशक्ती तयार होते. पाश्चर यांच्या कोंबड्याही सौम्य जंतूंशी झुंजूनच तयार झाल्या होत्या. लस दिल्यावर औषधी खाद्य दिले, तर लसीतील परजीवीच मरतात आणि लसीचा खर्च वाया जातो.

निर्णय घेताना

- हॅचरीकडून लसीकरणाची माहिती लेखी घ्यावी. कॉक्सिडिओसिसची लस दिली असल्यास या रोगावरील औषध नसलेले खाद्य वापरावे.
- मरेक्स, मानमोडी आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लसी आहेत. अ‍ॅम्प्रोलियममुळे त्यांना बाधा येत नाही आणि त्या रक्ती हगवणीपासून संरक्षणही देत नाहीत.
- लस दिलेली नसेल, पिल्ले दाटीने असतील किंवा आधीच्या बॅचमध्ये हा रोग आला असेल, तर प्रतिबंधक मात्रेचे औषधी खाद्य उपयुक्त ठरते.
- पोत्यावरील लेबलवर औषधाचे नाव पाहावे. प्रतिजैविक असलेले खाद्य वेगळे असते. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.
- अ‍ॅम्प्रोलियम सुरू असताना बी-१ जास्त असलेले टॉनिक दिल्यास औषधाचा परिणाम घटतो.
- मरतुक दिसताच ताजी विष्ठा किंवा मेलेले पिल्लू पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. निदानाआधी औषध बदलत राहू नये.
- तूस कोरडे ठेवावे. ओलावा आणि उबेत परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, हे औषधी खाद्य देतानाही लक्षात ठेवावे.
- मांस किंवा अंडी विकण्यापूर्वी औषध बंद ठेवण्याचा लेबलवरील कालावधी पाळावा.