६१७४ आणि देवळालीचे मास्तर

६१७४! हा कुणाचा सीट नंबर नाही की मोबाईलचे शेवटचे चार आकडेही नाहीत. गणिताच्या जगात हा आकडा एका मराठी शाळामास्तरांच्या नावाने ओळखला जातो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव. फर्स्ट इयरला आपण सगळेच सी लँग्वेजमध्ये स्ट्रिंगचं प्रॅक्टिकल करतो. दिलेल्या ओळीत अक्षरं किती, अंक किती, ते तपासा. जर्नल लिहून झालं, सही मिळाली की विषय संपला. पण मला वाटतं, हे प्रॅक्टिकल कळायला कापरेकरांसारखी दुसरी गोष्ट नाही. कारण संख्येची नुसती किंमत न बघता ती अंकांची एक ओळ आहे, हे बघण्यात या माणसाने अख्खं आयुष्य घालवलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असतानाच आई गेली. वडील कारकून होते, पण त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ज्योतिषाचं काय व्हायचं ते होवो, पण आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. माध्यमिक शाळा ठाण्याची, म्हणजे आपल्या ट्रान्स-हार्बर लोकलचं शेवटचं स्टेशन! १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले.

आणि पुढे? एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत गणित शिकवू लागले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. संशोधनाला लागलं काय, तर कागद, पेन्सिल आणि रिकामा वेळ.

त्यांचे शोध बघितले की थक्क व्हायला होतं. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा. २० आणि २५ ची बेरीज पुन्हा ४५! अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. उदा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. पण २० ही संख्या अशी कुठल्याच संख्येपासून तयार होत नाही, म्हणून ती 'स्वयंभू'. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी नाव दिलं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. आणि १, १२१, १२३२१ अशा 'डेम्लो' संख्या तर थेट रेल्वे स्टेशनवरून आल्या. ही कल्पना त्यांना जिथे सुचली, ते जीआयपी रेल्वेचं डेम्लो स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. आपल्याकडची किती मुलं रोज ठाण्याला गाडी बदलून तिथे घरी जातात!

आता मुख्य गोष्ट. १९४६ मध्ये त्यांना ६१७४ सापडला आणि १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. चार अंक घ्या. फक्त चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच अडकता. मी त्यांचं जन्मवर्ष घेऊन बघितलं. १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. पूर्ण सात पायऱ्या!

याचा प्रोग्रॅम लिहायला बसा म्हणजे खरी गंमत कळते. १११२ घ्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. हे उत्तर इंटिजर म्हणून ठेवलं की पुढची पायरी ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य. खेळ खलास! तेच '०९९९' अशी चार कॅरॅक्टरची स्ट्रिंग म्हणून ठेवलं, तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. किमतीच्या दृष्टीने ज्या शून्याला काहीच अर्थ नाही, त्यावर सगळा नियम उभा आहे. म्हणून आधी स्ट्रिंग घ्यायची, लांबी चार आहे का बघायचं आणि प्रत्येक कॅरॅक्टर 'इजडिजिट'मधून काढायचं. कुणी १९०५ मधल्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर टाइप केलं, तर 'एटूआय' हे फंक्शन तक्रार न करता १९ एवढंच परत देतं. 'इजअलनम' तर ओ ला बिनधास्त आत सोडतं, कारण त्याला अक्षर आणि अंक दोन्ही चालतात. कुठली चाचणी कशासाठी, हे इथे कळतं.

आणखी एक. या लेखातला ६१७४ देवनागरीत छापलाय. सी मधलं 'इजडिजिट' त्याला अंक मानतच नाही, कारण त्याला ठाऊक असलेले अंक म्हणजे आस्कीतले ४८ ते ५७ हे दहा कोड. युनिकोडमध्ये देवनागरी ० ते ९ चे कोड २४०६ ते २४१५ आहेत आणि पायथनचं 'इजडिजिट' ते मान्य करतं. पण त्याच पायथनच्या 'इजअल्फा'ला 'कापरेकर' हा शब्द द्या, उत्तर येतं फॉल्स! 'कमल' चालतं, 'कापरेकर' नाही. काना आणि मात्रा ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. मराठी नावांसाठी फॉर्म बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आकड्यांचे हे खेळ दहाच्या पद्धतीवर अवलंबून असतात, त्यात खोल गणित कुठलं, असा आक्षेप असतो. कापरेकरांच्या कामाकडेही आपल्याकडच्या गणितज्ञांनी सुरुवातीला गांभीर्याने बघितलं नाही. बरंचसं काम लहानसहान नियतकालिकांत आलं किंवा त्यांनी स्वतःच छापलं. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून साधं राहूनही निवृत्तीनंतर शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळलं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ साली ते गेले.

नावांचं बघा. त्यांच्या स्वयंभू संख्यांना १९७४ पासून 'कोलंबियन' असंही नाव पडलं, कारण कोलंबियाच्या एका गणितज्ञाने त्या स्वतंत्रपणे मांडल्या. हर्षद संख्यांना काही पुस्तकं 'निव्हन' म्हणतात. व्हायवाला कुणी ही नावं घेतली, तर आपण मूळ नाव सांगायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तर मित्रांनो, लॅबमध्ये वेळ उरला की हा प्रोग्रॅम लिहून बघाच. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार स्ट्रिंग, त्यातल्या सारख्या अंकांच्या दहा बाजूला काढा. उरलेल्या ९९९० पैकी एकही ६१७४ ला चुकवत नाही. आपला कॉम्प्युटर हे डोळ्याचं पातं लवायच्या आत दाखवतो. कापरेकर मास्तरांनी ते पेन्सिलीने शोधलं होतं.