राल्फ बंच : ज्यांना राज्यशास्त्राने वर्गाबाहेर ठेवले, त्यांच्यातून आलेला राज्यशास्त्रज्ञ

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर किंवा आपापल्या विहारात बाबासाहेबांना अभिवादन करतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, आणखी एका माणसाची पुण्यतिथी येते. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कुणाला माहीत नाही. राल्फ बंच त्याचे नाव. शांततेचे नोबेल मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत तो सापडतो. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ती ओळ पाठ करतात आणि पुढे जातात.

पण नोबेलच्या आधी बंच राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता. अमेरिकेतल्या विद्यापीठातून राज्यशास्त्रात पीएच.डी. मिळवणारा तो पहिला आफ्रिकन अमेरिकन. आपली मुले आज राज्यशास्त्र घेतात ती बहुतेक वेळा परीक्षेत गुण देणारा विषय म्हणून. या विषयात संशोधन करावे, तो शिकवावा, तो कुणी घडवला आणि कुणाला वगळून घडवला हे विचारावे, असे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून बंच यांची गोष्ट सविस्तर सांगाविशी वाटली.

नाना नावाची आजी

राल्फ बंच यांचा जन्म १९०३ साली ७ ऑगस्टला डेट्रॉइट शहरात झाला. योगायोग असा की अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेची स्थापनाही १९०३ सालचीच. वडील केशकर्तनालयात काम करायचे. त्या दुकानात गिऱ्हाईक फक्त गोरे. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्यांचे केस कापू शकत होता, पण त्याच खुर्चीत बसून स्वतःचे केस कापून घेऊ शकत नव्हता. आपल्या गावांचा इतिहास ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आईची प्रकृती बिघडली म्हणून कुटुंब १९१५ साली न्यू मेक्सिकोतल्या कोरड्या हवेच्या अल्बुकर्की शहरात गेले. १९१७ मध्ये आई वारली. वडिलांचा आधारही उरला नाही. मग आजीने, लुसी जॉन्सन यांनी, नातवंडांना घेऊन लॉस एंजेलिस गाठले. घरात सगळे तिला नाना म्हणत. गुलामगिरी कायद्याने चालू असतानाच्या काळात जन्मलेली ही बाई. शाळेने राल्फला हाताच्या कामाचे शिक्षण देणाऱ्या वर्गात घातले, तेव्हा ती शाळेत जाऊन उभी राहिली. माझा नातू कॉलेजात जाणार आहे, त्याला त्यासाठी लागणारे विषय द्या, असा तिने हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला.

१९२२ साली राल्फ जेफरसन हायस्कूलमधून पहिला आला. तरीही शहरातल्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सन्मान मंडळात त्याला घेतले नाही. कारण त्याचा रंग. गुण होते, जागा नव्हती. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत तो खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकला आणि वरखर्चासाठी साफसफाईचे काम करत राहिला. १९२७ साली तिथेही तो सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला. हार्वर्डने पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, पण तेवढ्यात भागणारे नव्हते. तेव्हा लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय समाजाने वर्गणी काढून एक हजार डॉलर उभे केले. राल्फ हार्वर्डला गेला तो समाजाच्या पैशावर. हे ऋण त्याने पुढे कसे फेडले आणि कुठे तो कमी पडला, हाच पुढच्या गोष्टीचा गाभा आहे.

कुणाचे राज्यशास्त्र?

त्या काळचे अमेरिकन राज्यशास्त्र कसे होते, हे आधी पाहायला हवे. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे राज्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय १८८० साली जॉन बर्जेस यांनी उभारले होते. अमेरिकेत हा विषय विद्यापीठीय शिस्त म्हणून रुजवणाऱ्यांत बर्जेस यांचे नाव घेतले जाते. हेच बर्जेस कृष्णवर्णीयांना राज्य करण्यास अपात्र मानत आणि गुलामगिरी संपल्यावर त्यांना मताधिकार दिला ही चूक होती, असे लिहीत. म्हणजे शासन, सत्ता, नागरिकत्व यांचा अभ्यास करणारे शास्त्रच काही माणसांना नागरिक मानायला तयार नव्हते. अशा विषयात त्या माणसांपैकीच एक संशोधक म्हणून शिरला.

१९२८ साली एम.ए. होताच बंच वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. तिथे राज्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग बंच यांनीच उभा केला आणि त्याचे प्रमुखपद सांभाळले. समाजशास्त्र शिकलेल्यांना ई. फ्रँकलिन फ्रेझियर हे नाव माहीत असते. ते त्यांचे हॉवर्डमधले सहकारी. अर्थशास्त्रज्ञ अब्राम हॅरिस दुसरे. गोऱ्या विद्यापीठांची दारे बंद होती म्हणून इतके बुद्धिमान लोक एका आवारात आले होते.

बंच यांचे शिकवणे वर्गाच्या चार भिंतींत राहिले नाही. अमेरिकन संसदेच्या इमारतीतल्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना वाढत नसत. त्याविरुद्ध हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. विद्यापीठात त्यांच्यावर शिस्तभंगाच्या कारवाईचे घाटू लागले, तेव्हा बंच विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या विद्यार्थ्यांचा पुढारी होता केनेथ क्लार्क. हाच क्लार्क पुढे मानसशास्त्रज्ञ झाला. वेगळ्या शाळांमुळे कृष्णवर्णीय मुलांच्या मनावर काय परिणाम होतो यावरचे त्याचे काम १९५४ च्या ब्राउन खटल्यात वापरले गेले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला वाचवले, त्याचे फळ वीस वर्षांनी असे दिसले.

नाव बदलले, राज्य बदलले का?

बंच यांचा पीएच.डी.चा प्रबंध १९३४ सालचा. विषय होता पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोलँड आणि दाहोमी या दोन प्रदेशांतला फ्रेंच कारभार. पहिल्या महायुद्धानंतर टोगोलँडचा एक भाग राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली फ्रान्सकडे सोपवला होता. शेजारचे दाहोमी मात्र सरळसरळ फ्रेंच वसाहत होती. बंच यांनी साधा प्रश्न विचारला : आंतरराष्ट्रीय देखरेखीची पाटी लावल्याने तिथल्या माणसाच्या आयुष्यात काही फरक पडला का? पॅरिस आणि जिनिव्हातली कागदपत्रे पाहून, प्रत्यक्ष आफ्रिकेत जाऊन त्यांनी उत्तर शोधले. फरक फारसा नव्हता. हार्वर्डने या प्रबंधाला राज्यशास्त्रातला त्या वर्षीचा टॉपन पुरस्कार दिला.

आजवर वसाहतींचा अभ्यास राज्य करणाऱ्यांच्या खुर्चीतून होत असे. ज्यांच्यावर राज्य केले जाते त्यांच्या बाजूने पाहणारा संशोधक आला आणि प्रश्नच बदलला. विद्यापीठात विविधता हवी असे आपण म्हणतो ते केवळ हजेरीपटावर वेगवेगळी आडनावे दिसावीत म्हणून नाही. माणूस बदलला की प्रश्न बदलतो, म्हणून ती हवी.

पुढे १९३६ ते १९३८ या काळात बंच यांनी नॉर्थवेस्टर्न, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि केप टाउन इथे मानववंशशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. लंडनमध्ये त्यांना स्वाहिली शिकवली ती जोमो केन्याटा यांनी. हेच केन्याटा पुढे स्वतंत्र केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिण आफ्रिकेत बंच यांनी तीन महिने हिंडून वर्णभेद टिपून ठेवला. त्यानंतर स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांच्या प्रसिद्ध प्रकल्पावर त्यांनी काम केले. त्यातून १९४४ साली ॲन अमेरिकन डिलेमा हा ग्रंथ आला. आम्ही एम.ए.ला मिर्दाल यांचे नाव वाचले. त्यामागे बंच यांनी लिहिलेली चार टिपणे आणि त्यांची तीन हजारांहून अधिक पाने होती, हे मला फार नंतर कळले. ग्रंथावर नाव एकाचे आणि घाम अनेकांचा, हे ज्ञानाच्या क्षेत्रातही चालते.

१९३६ : दोन पुस्तके

१९३६ साली बंच यांचे अ वर्ल्ड व्ह्यू ऑफ रेस हे छोटे पुस्तक आले. त्याच वर्षी बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वंश ही निसर्गाने दिलेली गोष्ट नसून शोषण लपवण्यासाठी वापरलेली कल्पना आहे, असे बंच यांनी मांडले. इथवर दोघे जवळ आहेत. पण त्या काळचे बंच वर्गाला प्रमुख मानत. गोरा आणि काळा कामगार एकत्र आला की वंशाचा प्रश्न सुटेल, अशी त्यांची आशा होती. बाबासाहेबांनी आपल्या पुस्तकात समाजवाद्यांना नेमके उलटे बजावले होते : जातीचा प्रश्न आधी हाताळल्याशिवाय कामगार एक होणारच नाहीत. नंतरच्या काळात बंच यांनाही आपली ती मांडणी पुरेशी वाटली नाही.

याच वर्षी नॅशनल निग्रो काँग्रेस ही संघटना स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बंच होते. तिच्यावर कम्युनिस्टांचा ताबा वाढल्यावर, १९४० साली, ते तिच्यापासून दूर झाले. १९४६ मध्ये याच संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. त्या अर्जाची बातमी वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा, हा विचार त्यामागे होता. बंच आणि बाबासाहेब यांच्यामधला धागा असा, एका अर्जाच्या कागदातून जातो.

प्रबंधातून सनदेकडे

दुसऱ्या महायुद्धात सरकारला आफ्रिका जाणणारा माणूस हवा होता. तसे फार थोडे होते. बंच सरकारी सेवेत गेले. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा परतंत्र प्रदेश आणि विश्वस्त व्यवस्थेवरची प्रकरणे घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नुसत्या देखरेखीच्या पाटीने काही होत नाही, हे त्यांना टोगोलँडपासून ठाऊक होते. नंतर ते संयुक्त राष्ट्रांतच रुजू झाले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी पॅलेस्टाइन प्रश्नातले मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. ती जबाबदारी बंच यांच्यावर आली. वाटाघाटी करून फेब्रुवारी ते जुलै १९४९ या काळात त्यांनी इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांचे इस्रायलशी युद्धविरामाचे चार करार घडवले. १९५० चे नोबेल त्यासाठी. मूळ प्रश्न मात्र सुटला नाही आणि पॅलेस्टिनी निर्वासितांचे हाल संपले नाहीत, हेही सांगायला हवे.

१९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात वरिष्ठ पद देऊ केले. बंच यांनी नकार दिला. जगात शांतता घडवणाऱ्याच्या मुलांना देशाच्या राजधानीत वेगळ्या शाळेत बसावे लागणार होते. १९५३ मध्ये ते अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. आणि अध्यक्षपदाच्या त्याच काळात, १९५४ साली, जुन्या संघटनेशी असलेल्या संबंधांवरून देशनिष्ठेच्या चौकशी मंडळापुढे उभे राहून ते निर्दोष ठरले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामांकित टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला प्रवेश नाकारला. नोबेल घरात होते, तरी रंग दारात आडवा आला.

टीका आणि शेवट

बंच यांच्यावर त्यांच्याच समाजातून कडक टीका झाली. माल्कम एक्ससारख्या नेत्यांना ते गोऱ्यांच्या व्यवस्थेत सामावलेले साहेब वाटत. १९६० नंतर काँगोत लुमुंबा यांच्या हत्येने संयुक्त राष्ट्रांवर जो रोष उसळला, त्यात बंचही सापडले. ही टीका सगळीच खोटी नव्हती. मोठ्या पदावरचा माणूस संस्थेच्या शिस्तीने बोलतो आणि त्याचा आवाज आपल्या माणसांना परका वाटू लागतो. १९५६ साली आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल व्यक्त केलेली वेदना आपण दरवर्षी आठवतो. बंच यांच्याकडे पाहतानाही ती आठवते.

पण १९६५ साली, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात मताधिकारासाठी ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत पुढच्या रांगेत चालले. नंतर दृष्टीही अधू झाली. ९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर राज्यशास्त्र संघटनेला दुसरा कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळायला १९९२ साल उजाडावे लागले. जवळजवळ चाळीस वर्षे. एक माणूस आत गेला म्हणजे दार उघडले असे होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? हे ओळखूनच १९८६ पासून त्यांच्या नावाने एक उन्हाळी अभ्यासवर्ग चालतो. ज्या समाजांतून राज्यशास्त्राचे संशोधक कमी येतात, तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना तिथे पीएच.डी.ची वाट दाखवली जाते.

आपल्याकडे अशी वाट दाखवणारे कोण आहे? वसतिगृहे आहेत, अभ्यासिका आहेत, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते आहेत. ते काम चालूच राहावे. पण पुढच्या खेपेस अभ्यासिकेत कुणी राज्यशास्त्र घेतले असे सांगितले, तर किती गुण पडतील एवढेच विचारून थांबू नका. तुझा प्रश्न काय आहे, तेही विचारा. ग्रामसभेत कोण बोलते आणि कोण गप्प बसते, आरक्षित जागेवरच्या सरपंचाईच्या सह्या प्रत्यक्षात कोण करतो, वस्तीच्या निधीचे काय होते, हे सगळे राज्यशास्त्रच आहे. ते आपल्या मुलांनी लिहिले नाही, तर दुसरे कुणी लिहील, आणि आपल्याबद्दल लिहील. नानाने शाळेत जाऊन हट्ट धरला होता. तो हट्ट आता आपण धरायचा आहे.

जय भीम.