विश्लेषण : डॉ. आनंदीबाई जोशी कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू का होऊ शकल्या नाहीत?

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या रुग्णाला पुढील उपचारांसाठी कोल्हापूरला हलवायचे ठरले, की घरच्यांच्या तोंडी पहिले नाव येते ते 'सीपीआर'चे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे त्याचे आजचे नाव. एकोणिसाव्या शतकात ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. याच रुग्णालयाच्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदी १८८६ मध्ये २१ वर्षांच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. त्या तेथे कधीच रुजू होऊ शकल्या नाहीत.

आनंदीबाईंना डॉक्टर का व्हावेसे वाटले?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने बरेच मोठे आणि बिजवर. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहा दिवसच जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत, ही खंत त्यांच्या मनात राहिली आणि डॉक्टर होण्याचा निश्चय त्यातूनच पक्का झाला.

कोल्हापूरशी त्यांचे नाते कसे जुळले?

ते नेमणुकीच्या आधीपासूनचे आहे. गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा होत गेल्या. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा करणारे पत्र त्यांनी कोल्हापूरच्या मुक्कामात मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पाठवले. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात छापले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेल्या अंकात १८८० मध्ये त्यांनी ते पत्र वाचले आणि थेट आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे अमेरिकेत आनंदीबाईंना याच घराचा आधार मिळाला.

अमेरिकेला जाण्याची गरज काय होती?

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आनंदीबाईंनी याचे जाहीर उत्तर दिले. हिंदू स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे मांडायला संकोचतात, त्यामुळे स्त्री डॉक्टर हवीच, असे त्यांचे म्हणणे होते. समुद्र ओलांडण्यावर समाजाचा रोष असतानाही त्या एप्रिलमध्ये पतीविना कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. थंडी, अंगाला न मानवणारे खाणे आणि सततचे आजारपण सोसत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या पदाचे महत्त्व काय होते?

शाहू महाराज तेव्हा अवघे १२ वर्षांचे होते. राज्याधिकार त्यांच्या हाती १८९४ मध्ये आले. तरीही संस्थानाच्या प्रशासनाने स्त्री विभाग एका भारतीय स्त्री डॉक्टरकडे सोपवण्याचे ठरवले. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये सुरू झाला होता.

गडहिंग्लज तेव्हा कोल्हापूर संस्थानातच होते. कोल्हापूर इथून सुमारे ७० किलोमीटरवर, वाटेत वेदगंगा आणि दूधगंगा. प्रवास बैलगाडीचा. कोल्हापूर शहरापर्यंत रेल्वे आली तीही १८९१ मध्ये. बाळंतपणात मूल अडले किंवा रक्तस्राव थांबेना, तर हे अंतर बाईच्या जिवावर बेतणारे होते. इतके करून दवाखाना गाठला तरी तिथे पुरुष डॉक्टर असेल, तर घरची मंडळी बाईला दाखवायला तयार होतीलच असे नाही. यातला निदान दुसरा अडसर आनंदीबाईंच्या नेमणुकीने दूर होणार होता.

मग काय घडले?

नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईत उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. पण त्यावर लागू पडणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, पण गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे त्यांचे स्मारक झाले. पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी त्यांच्या स्मृतीला अर्पण केले.

त्यांची जागा रिकामीच राहिली का?

कायमची नाही. पुढे शाहू महाराजांच्या मदतीने शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर याच रुग्णालयात काम करू लागल्या. पण आनंदीबाईंचे निधन आणि कृष्णाबाईंचे येणे यात दहाहून अधिक वर्षे गेली.

आज या कथेतून काय घ्यायचे?

गडहिंग्लजला आता उपजिल्हा रुग्णालय आहे. गावोगावी आशा सेविका आहेत, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. रेल्वे मात्र अजूनही नाही. आनंदीबाईंच्या वेळी इमारत होती, पद मंजूर होते, नेमणुकीचा हुकूमही निघाला होता. तरीही वॉर्डातल्या बाईला त्याचा उपयोग झाला नाही, कारण डॉक्टरच हजर होऊ शकली नाही आणि तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी कोणी तयार नव्हती. ग्रामीण आरोग्याचा हिशेब कागदावरच्या मंजूर पदांवरून मांडता येत नाही. बाई कळा देत दारात येते, त्या रात्री डॉक्टर जागेवर आहे का, यावरच तो ठरतो.